आपला पेला आपण भरायचा नसतो

महाबळेश्वर
१८ जून २०२४

तीर्थरूप मामांस,
साक्षीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर आधी वहिनी वाचतात, मग तुम्ही. म्हणून हे पत्र. तोफखान्यात असताना तुम्ही आईला पाठवायचात तसं. वाचून झालं की ट्रंकेत ठेवा. आईला यातलं एक अक्षर सांगू नका.

इथं धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. पर्यटक नाहीत, अर्धी हॉटेलं बंद आहेत. आमचं मात्र चालू आहे, कारण शिरवळकडच्या एका कारखान्यातले जपानी साहेब पावसाळाभर येऊन राहतात. त्यांच्यासाठी मालकांनी वेगळी छोटी जेवणखोली काढली आणि तिथं काम करायला मला निवडलं. आईला मी रिसेप्शनवर आहे असं सांगितलंय. खरं म्हणजे मी साके शिकते आहे. साके म्हणजे जपानी लोकांची तांदळाची दारू.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, कियोको नावाच्या. मुलगा कारखान्यात इंजिनिअर, म्हणून त्या इकडे आल्या. जपानात त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या साके करतात. मालकांनी विनंती केली म्हणून रोज दुपारी आम्हा दोघीतिघींना शिकवतात.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं पांढरा पेला ठेवला. आत तळाला निळी वर्तुळं. मी श्वास रोखून धरला, कारण मला माहीत असलेला दारूचा वास एकच, बाबांच्या शर्टाचा. त्या म्हणाल्या, "आधी पिऊ नकोस. नुसता वास घे." मी घेतला. मामा, तो वास पिकलेल्या खरबुजाचा होता. त्याच्यामागून, भाताच्या भांड्याचं झाकण काढल्यावर येते तशी गरम वाफ. मग एक घोट घेतला. घसा जळला नाही. पाण्यासारखं आत गेलं आणि मागं गोडसर काहीतरी बराच वेळ राहिलं.

मला एकदम रडू आलं. का ते कुणाला सांगता येईना. तुम्ही इतकी वर्षं घेता, तुम्ही सांगा. ही दारूच का?

तुमची,
साक्षी

---

आष्टा
२७ जून

चि. साक्षीस,
मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा लय राग आला म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.

दारू ती दारूच पोरी. खरबुजाचा वास येऊ दे न्हाईतर मोगऱ्याचा. तांदळाची मी आसामात असताना प्यालोय. पांढरं पाणी, डोस्कं दोन दिवस धरतं. आन तू म्हणतीस चव बघते. तुजा बाप पन पयल्यांदा चवच बघत हुता. पुढं काय झालं ते तू पंधरा वर्षांची हुतीस, तुला सांगाय नको.

आक्काचा इचार केलास का? तुजी आई. दाजी गेल्यावर चार म्हैन्यांत तिनं गावातल्या बायका गोळा केल्या, तहसीलला खेपा घातल्या, दुकान बंद करायला मतदान घ्यायला लावलं. आडवी बाटली निवडून आनली तिनं. त्या दिवशी बायकांनी तिला उचलून घेतली हुती. तिची लेक दारू वाढती असं उद्या कुनी सांगितलं तर ती काय करंल?

मी तिला सांगनार न्हाई, शब्द दिला. पन तू सुट. दुसरं काम मागून घे.

आन एक. ती बाई भात कसा सडवती ते लिव. नुसतं इचारतोय.

तुजा मामा,
सयाजी
(सुभेदार, निवृत्त)

---

महाबळेश्वर
९ जुलै

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचा राग वाचला आणि शेवटची ओळही वाचली. तिलाच उत्तर देते.

भात सडवत नाहीत मामा, हाच माझा पहिला धडा. तांदूळ आधी घासतात. आपण गिरणीत कोंडा काढतो तेवढंच नाही, दाण्याचा बाहेरचा तिसरा हिस्सा, कधी अर्धा दाणा घासून काढतात. राहतो तो मधला, मोत्यासारखा. मग धुणं आणि भिजवणं. कियोकोबाई हातात घड्याळ घेऊन उभ्या राहतात. अर्धं मिनिट जास्त भिजला तरी पाणी ओतून "पुन्हा" म्हणतात. मग वाफवायचा. बोटांत दाबला तर बाहेरून कोरडा, आतून मऊ लागला पाहिजे. त्यावर एका बुरशीची हिरवट पूड चाळणीतून भुरभुरायची. तिला कोजी म्हणतात. दोन दिवस उबेत ठेवून रात्रंदिवस हातानं उलटत राहायचं, लहान मूल सांभाळावं तसं. मग तांदळाला पांढरी लव येते आणि त्याची आपोआप साखर होते. त्या साखरेची पुढं साके.

इथं साके करत नाहीत, ती जपानातूनच येते. पण आम्हाला कळावं म्हणून बाईंनी कोजी करून दाखवायचं ठरवलं. पहिली खेप आमच्या पावसानं नासली. काळी बुरशी, आंबूस वास. मला वाटलं त्या चिडतील. त्या तांदळापुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "माफ कर, तुझी हवा मला कळली नाही." तांदळाला म्हणाल्या मामा! दुसरी खेप जमली. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला.

पूर्वी साके करणारे कामगार म्हणजे बर्फाळ भागातले शेतकरी. हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेलं की घर सोडून चार महिने भट्टीवर राहायचे. ऐकताना मला आपल्याकडं गाळपाच्या हंगामाला येणाऱ्या टोळ्या आठवल्या.

टॅक्सीवाला धुळा परवा आष्ट्याला सासरी चाललाय. त्याच्याकडं एक छोटी बाटली पाठवते. सोबत चिनी मातीचा पेला. रमसारखं गिळू नका. पाऊस असेल तर थोडी कोमट करा.

साक्षी

---

आष्टा
२० जुलै

चि. साक्षीस,
आशीर्वाद.

बाटली पोचली. धुळाला चहा पाजला. भला मानूस, बाटलीला पोरागत मांडीवर घिऊन आलाय.

आता जे झालं ते सांगतो, हसायचं न्हाई. तू कोमट लिवलंस. मी दुधाच्या पातेल्यात वतली आन ग्यास लावला. उकळी आली. सून आतनं वरडत आली, "आवं मामंजी, भात लागला का कशाचा वास येतोय?" मला ऐकू आलं न्हाई, तिचं तोंड बघून कळलं. म्हनलं, व्हय, भातच. प्यालो तर काय, नुसतं कडू पानी. मनात म्हनलं, पोरगी फशिवली जपान्यांनी.

दोन दिवसांनी राहिलेली अर्धी घेतली. ह्या बारीला पेला गरम पान्यात ठेवला, हाताला सोसंल इतकं. भायेर पाऊस, पुढं सुकट आन भाकरी. एक घोट घेतला आन थांबलो.

साक्षे, तीस वर्सं मी रम पितोय. ती पिताना कवा चव बघितली न्हाई. पयली घ्यायची ती दुसरीसाठी, दुसरी तिसरीसाठी. ही मला थांबवती. एक घोट झाला की सुकटीची चव मोठी झाली. सुकट खाल्ली की परत तिची आठवन झाली. भाकरीचा करपलेला पापुद्रा बी ग्वाड लागला. एका पेल्याला पाऊन तास लागला मला. तुजी मामी गेल्यापासनं पाऊन तास जेवायला बसलो न्हवतो मी.

तुजी बाई मोठी हाय. तिला माजा सॅल्यूट सांग.

तरीबी आक्काची काळजी हायच.

सयाजीमामा

ता. क. सून तुला माज्या डॉक्टरचं काय सांगत असंल तर तिकडं लक्ष देऊ नको.

---

महाबळेश्वर
२ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पातेल्याची गोष्ट मी कियोकोबाईंना सांगितली. त्या तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा एक घोडेवाला होता, तोही असाच उकळायचा." सॅल्यूटही पोचवला. त्यांनी कमरेतून वाकून तो घेतला.

डॉक्टरांचं वहिनींनी मला सांगितलंच आहे. लिव्हरला सूज आहे आणि तरी तुम्ही रोज संध्याकाळी बसता. मी रागावत नाही. पण बाटली आता पाठवणार नाही. ती चव तुम्हाला कळली, तेवढं पुरे.

काल बाईंनी वाढायचं कसं ते शिकवलं. त्यांच्याकडं आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजारच्यानं आपला भरायचा, आपण त्याचा. म्हणून सतत दुसऱ्याच्या पेल्याकडं लक्ष ठेवावं लागतं. आणि कुणी पुरे म्हणून पेल्यावर हात ठेवला, तर तिथंच थांबायचं. आग्रह केला तर वाढणाऱ्याचं लक्ष नाही असं समजतात.

मग त्या स्वतःबद्दल बोलल्या. त्यांच्या वडिलांच्या काळात बायकांना भट्टीत पाऊल टाकायची बंदी होती. दारू नासते म्हणायचे. लहानपणी त्या दाराबाहेर बर्फात उभ्या राहून आतल्या कामगारांची गाणी ऐकायच्या. गाण्यावरून कळायचं, आत तांदूळ धुतायत की ढवळतायत. भाऊ अचानक वारला तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. म्हाताऱ्या कारागिरांनी विचारलं, "आता कोण?" त्या चपला काढून आत गेल्या. सगळी गाणी त्यांना पाठ होती.

मामा, त्यांनी मला बोलावलंय. नोव्हेंबरपासून चार महिने, त्यांच्या भट्टीत, हंगामभर शिकायला. आता भट्टी भाचीच्या हातात आहे. माझा पासपोर्टही नाही. आईला काय सांगू?

साक्षी

---

आष्टा
१३ ऑगस्ट

चि. साक्षी,

तुजं पत्र आलं त्याला पाच दिस झाले. रोज लिवायला बसलो आन उठलो.

आपला पेला आपन भरायचा न्हाई, असं तू लिवलंस. दुसऱ्यानं भरायचा. मग मला सांग, ज्यानं भरला त्याच्यावर काय ऱ्हातं?

तू जन्मली न्हवतीस. मी रजेवर आलो हुतो, डिसेंबरात. तुज्या बापाच्या घरामागल्या खळ्यावर शेकोटी केलीती. दाजी त्या वक्ताला सुपारी बी खात न्हवते. मी क्यांटीनची बाटली काढली. ते म्हनले, "न्हाई सयाजी, मला नको." पेल्यावर हात ठेवला त्यांनी. मी त्यो हात बाजूला केला. हसत केला. म्हनलं, "आवं दाजी, फौजीच्या हातची हाय, औषध म्हनून घ्या." आन भरला.

पुढल्या रजेला आलो तवा तेच वाट बघत हुते माजी, आन बाटलीची. मी दर बारीला आनत गेलो. मग त्यांना माजी गरज ऱ्हायली न्हाई. गावात दुकान हुतं.

आक्काला हे ठाऊक न्हाई. दाजी गेल्यापासनं अकरा वर्सं तिच्यापुढं जेवतोय मी. तिनं बाटली आडवी केली तवा मीच पयला हार घातला तिला.

तुला आता मला मामा म्हनायचं नसंल तर नको म्हनू.

सयाजी

---

महाबळेश्वर
९ सप्टेंबर

मामा,

उत्तराला जवळजवळ महिना लावला. तुमचं पत्र मी दोन आठवडे उशीखाली ठेवलं होतं आणि मला तुमचा फार राग होता. बाबांनी हात ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. ते नको म्हणाले होते, एवढं कळलं त्याचंच जास्त रडू आलं. मी समजत होते, त्यांना ती हवीच होती.

पण तुम्ही लिहिलंत. कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं.

मी ठरवलंय, आपण दोघांनीही लपवणं बंद करायचं. माझं मी सांगितलं. काल आईला फोन केला. रिसेप्शन नाही, साके आहे, आणि जपानला बोलावलंय. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग तिनं फोन ठेवला. त्यानंतर उचलत नाही.

तुमचं तुम्ही सांगा. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तुम्ही माझे मामाच आहात.

साक्षी

---

आष्टा
२४ सप्टेंबर

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद.

आक्का आन मी म्हाबळेश्वरात आलो तवा तू भेटलीस, पाया पडलीस, पन कामाच्या गडबडीत बोलनं झालं न्हाई. आन तू आत हुतीस तवा भायेर काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. ते लिवतो.

तुजा फोन झाल्यावर दुसऱ्या दिवशी आक्का यष्टीनं माज्याकडं आली. पानी बी न्हाई घेतलं. म्हनली, "तुला ठाऊक हुतं?" मला ऐकाय कमी येतंय पन ते आलं. म्हनलं, व्हय. आन तसाच धीर करून दुसरं बी सांगितलं. शेकोटीचं. दाजींचा हात बाजूला केला ते. मान वर करायची हिंमत न्हवती. तिनं सुनंच्या पोराची पाटी घेतली, तिच्यावर लिवलं आन माज्या पुढं धरली. "मला तवाच ठाऊक हुतं. मी चुलीपाशी हुते. तू एकदा भरलास. पुढची वीस वर्सं त्यो आपल्या हातानं भरत गेला."

मी लहान पोरागत रडलो साक्षे. ती उठली, माज्या कपाटातल्या दोन बाटल्या मोरीत वतल्या आन म्हनली, "चल, पोरगी काय करती ते बघून येऊ." त्या दिवसापासनं मी घेतली न्हाई. हात कापतात, पन कापू देत.

तुमच्या हॉटेलात आमी व्हरांड्यात बसलो. मधी काच. आत तू आन आठ जपानी. आक्का काचंला नाक लावून बघत हुती. तू बाटली दोनी हातांनी धरायचीस, त्यांना काय तरी सांगायचीस, आन ती मोठी मानसं शाळेतल्या पोरांगत मान हलवायची. एक जन वास घिऊन डोळं मिटून बसला. आक्का माज्या कानाशी येऊन म्हनली, "भांडत न्हाईत?" म्हनलं, न्हाई. "रडत न्हाईत?" न्हाई.

मग ती मानसं उठली. बाटलीत अर्धी ऱ्हायली हुती. तू झाकन लावलंस आन बाटली थंड कपाटात ठेवलीस. आक्कानं माजा दंड धरला. "सयाजी, ती अर्धी हाय न्हवं?" "व्हय." "आन उठली ती?" "उठली." ती परत काचंतनं त्या कपाटाकडं बघाय लागली. मग म्हनली, "अर्धी बाटली ठेवून उठलेला मानूस मी आज बघितला."

तवर तुजी बाई ट्रे घिऊन आली. दोन वाट्या, वाफ येनारी पांढरी खीर. आक्का मागं सरली. बाईनं मान हलवली, न्हाई न्हाई, आन लहान पोर पाळन्यात झुलवल्यागत हात केलं. पोरांना बी देतात असं. मग इंग्रजीत "नो आल्कोहोल" म्हनली, ते मला ओठांवरनं कळलं. आक्कानं जिभंला लावली. "साखर किती घातलीया हिनं?" बाईनं रिकामी मूठ दाखवली. कायच न्हाई. मग एका डब्यातनं लव आलेला तांदूळ तिच्या हातावर ठेवला. आक्कानं दोन दानं चघळलं. सारा जन्म उसात गेलेली बाई. मला म्हनली, "ऊस न्हाई, गूळ न्हाई, आन तांदूळ आपल्या आपन ग्वाड झालाय रं!"

बाईनं आक्काचं हात उलटं करून बघितलं, तळव्यावरनं बोट फिरवलं. मग आपलं दाखवलं. दोघींचं सारखंच, भेगा पडलेलं. आक्का तिला तिच्या नवऱ्याचं इचारू लागली, मराठीत. ती जपानीत काय तरी सांगू लागली. मी बहिरा, मधी बसलो. तिघांना बी सारखंच कळत हुतं.

परतताना आक्का गाडीत खिडकीपाशी बसली. पसरणीचा घाट उतरल्यावर एवढंच म्हनली, "तिला सांग, मी पत्र लिवनार हाय."

तुजा मामा,
सयाजी

---

गावाकडनं
११ ऑक्टोबर

चि. साक्षीला,
आईचा आशीर्वाद.

मी लिवते सावकाश. चुकलं तर समजून घे.

तू खोटं बोललीस त्याचा राग हाय. ऱ्हानार. पन मी बी तुला तसं बोलायला भाग पाडलं असंल. घरात दारूचं नाव काढलं की मी ताट सोडून उठायची. मग तू सांगनार कवा?

एक ध्येनात ठेव. आपल्या गावात उद्या परत दुकान निघालं तर मी परत बायका गोळा करीन. त्यात बदल न्हाई. मी ज्या दारूला आडवी केली ती मानसाला गिळनारी हुती. तुजी बाई करती ती मला म्हाईत न्हवती, सयाजीनं तुजं पत्र वाचून दावलं तवा कळली. तांदळापुढं वाकनारी मानसं असली दारू करत असतील असं मला कुनी सांगितलं न्हवतं. मी पिनार न्हाई. पन तू शीक. नीट शीक, अर्धं सोडू नको.

बचत गटात मी आपनहून सांगितलं. सुलाबाई म्हनली, "आगं रंगू, बाटली तूच आडवी केलीस आन तुजीच लेक?" चंद्राबाई हसली. मी म्हनलं हसा. मग मी त्यांना त्या तांदळाचं सांगितलं. तास झाला तरी उठंनात.

काल तुज्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. मतदानाच्या दिवशी बंदोबस्ताला हुता त्योच, कदम. मला वळखलं. चहा दिला. कागद काढला, पेन काढला, म्हनला, "ताई, मुलगी परदेशात कशाला चाललीय?"

मी म्हनलं, "दारू करायला शिकाय."

त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, शिक्षणासाठी असं लिहू का? बरं दिसतंय."

म्हनलं, "शिक्षणच हाय. पन कशाचं ते बी लिवा. साके. तांदळाची. लय अवघड काम हाय, सगळ्यांना जमत न्हाई. माज्या लेकीला बोलावलंय त्यांनी."

त्यो नुसता माज्या तोंडाकडं बघत बसला.

म्हनलं, "बघताय काय साहेब, लिवा."

तुजी आई,
रंगूबाई